नव्या गाडीला काय बसवायचं? आधी ऊन बघा, मग काळी माती

अमळनेरहून एका भाऊंचा प्रश्न आला आहे, थोडक्यात असा: मधल्या व्हेरिएंटची पाच सीटची पेट्रोल एसयूव्ही घेतली. घरात आई, वय 68, गुडघे दुखतात, आम्ही दोघं, मुलं 3 आणि 8 वर्षांची. शेत सहा किलोमीटरवर, शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा. वर्षातून चार-पाचदा पुण्याला जाणं. शोरूमने 64 हजारांचं अ‍ॅक्सेसरीजचं कोटेशन हातात दिलं आहे: सीट कव्हर, सेव्हन-डी मॅट, साइड स्टेप, बंपर गार्ड, रूफ कॅरिअर, एलईडी बल्ब, अंडरबॉडी कोटिंग, सिरॅमिक कोटिंग आणि क्रोमच्या पट्ट्या. यातलं काय घेऊ, बाहेरून काय घेऊ?

भाऊ, आधी गाडीचं अभिनंदन. पेढे जळगावला आलात की खाऊ. गेली 22 वर्षं मी जळगावात गाड्यांची वायरिंग आणि अ‍ॅक्सेसरीज बसवायचं काम करतो. हा माल विकूनच माझं घर चालतं, तरी सांगतो, तुमच्या यादीतला निम्म्याहून जास्त माल तुमच्या कामाचा नाही. आणि जे खरंच लागेल त्यातलं बरंचसं यादीत नाहीच. ही यादी शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये तयार असते. कोकणातल्या गाडीला तीच, पुण्यातल्या गाडीला तीच आणि आपल्यालाही तीच. आपल्या गाड्यांना काय छळतं हे त्या यादीला ठाऊक नसतं. एक आधीच सांगतो, शोरूमकडून अ‍ॅक्सेसरीज घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. कंपनीने गाडीसोबत दिलेलं सोडून बाकी सगळं तुमच्या मर्जीचं.

उन्हापासून सुरुवात करतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, अमळनेर काही फार मागे नसतं. अशा दुपारी बाजारात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या पुढे तापतो. गाडीत बसवायची प्रत्येक वस्तू आधी या भट्टीत टिकेल का, हे विचारायचं. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे पुढच्या काचेवर आतून लावायचा चंदेरी पडदा, सात-आठशे रुपयांचा. गाडी उभी केली की लावायचा, निघताना काढायचा. तुमच्याच मॉडेलच्या मापाचा घ्या, कडेने फट राहिली तर निम्मा फायदा गेला. मागच्या दारांना चुंबकाच्या जाळ्या मुलांसाठी बऱ्या वाटतात, पण त्याही उभ्या गाडीपुरत्या. चालत्या गाडीच्या काचा झाकलेल्या पोलिसांना चालत नाहीत आणि तुम्हालाही बाजूचं नीट दिसत नाही.

काळी फिल्म मागाल तर मी लावणार नाही. काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 27 एप्रिल 2012 चा आहे. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. आता जवळजवळ पारदर्शक दिसणाऱ्या, उष्णता अडवणाऱ्या फिल्म मिळतात आणि दुकानदार म्हणतो, ‘सत्तर टक्केवाली आहे, कायदेशीर आहे.’ इथे गणित करा. कंपनीची काच स्वतःच समजा 75 टक्के प्रकाश सोडते. त्यावर 70 ची फिल्म चढवली की उरतो 75 चा 70 टक्के, म्हणजे साडेबावन्न. बाजूच्या काचेवर कसंबसं बसलं, पुढच्या काचेवर सरळ नियमभंग. पुढे केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये प्रकाशाची ही मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही असं म्हटलं, पण धुळ्याच्या नाक्यावर उभं राहून पोलिसाला तो निकाल समजावायची हौस असेल तरच त्या वाटेला जा. त्यापेक्षा गाडीत बसताना दोन मिनिटं चारी काचा खाली करा, तापलेली हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. त्याला काही खर्च नाही.

या उन्हाचा आणखी एक परिणाम डॅशकॅमवर होतो. डॅशकॅम जरूर घ्या, माझ्या मते यादीत पहिल्या तिनांत तो हवा होता. राष्ट्रीय महामार्ग 53 वर ट्रकांच्या गर्दीत चूक कुणाची हे नंतर तोंडी ठरत नाही. पण घेताना एकच गोष्ट खोदून विचारा: आत बॅटरी आहे की कपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग)? लिथियम बॅटरीवाला कॅमेरा आपल्या दुसऱ्या उन्हाळ्यात बेडकासारखा फुगतो. असे कॅमेरे माझ्याकडे दर जूनमध्ये येतात. कपॅसिटरवाला थोडा महाग पडतो, पण टिकतो. मेमरी कार्ड साधं मोबाइलचं घालू नका. सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्या. बसवणाऱ्याला वायर कुठून नेणार तेही विचारा. तुमच्या गाडीला कर्टन एअरबॅग असतील तर त्या दारांच्या वर, छताच्या कडेला दुमडून ठेवलेल्या असतात आणि त्यांचं टोक पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात येतं. वायर त्यांच्या मागून गेली पाहिजे, वरून आडवी नाही. घाईत काम करणारा कारागीर ती प्लास्टिकच्या फटीत बोटाने कोंबतो आणि दहा मिनिटांत मोकळा होतो. तसं करणाऱ्याकडून काम घेऊ नका.

आता मुलं. तुमच्या यादीत सगळ्यात मोठी उणीव इथे आहे. क्रोमच्या पट्ट्या आहेत, पण तीन वर्षांच्या पोराला बसवायला सीट नाही. आपल्याकडे अजून लेकरू आईच्या मांडीवर किंवा पुढे वडिलांच्या कुशीत असतं. ब्रेक जोरात लागला तर मांडीवरचं मूल धरून ठेवणं कुणाच्याच हाताच्या ताकदीचं काम नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा बालआसन नसेल तर 1000 रुपये दंड आहे. पण दंडासाठी सांगत नाही.

धाकट्याला आतल्या पट्ट्यांचं, पुढे तोंड असलेलं बालआसन लागेल. तुमच्या गाडीत मागच्या सीटच्या सांध्यात आयसोफिक्सचे लोखंडी हुक असतील, बोट घालून चाचपडा. त्यात खटकन बसणारं आसन घ्या, म्हणजे बसवताना चूक व्हायची भीती कमी. थोरल्याला पाठ असलेली बूस्टर सीट. ती मुलाला उंच करते, म्हणजे गाडीचाच पट्टा मानेवरून न जाता खांद्यावरून जातो. उंची साधारण साडेचार फुटांच्या वर जाईपर्यंत ती लागते. दोन्हींवर युरोपीय मानकाची आर 44 किंवा आर 129 ही खूण बघा. दोन्ही मिळून पंधरा ते पंचवीस हजार जातील. हाच खर्च मी पहिला करायला लावीन, बाकी सगळं यातून उरेल त्यात.

एक व्यवहाराची अडचण मात्र येणार. मागे दोन आसनं बसली की मधली जागा अरुंद होते. तिथे आईंना बसवू नका, गुडघे वळवायला जागा राहत नाही. आई पुढे, वहिनी मागे मध्ये. आणि मधल्या सीटला तीन टोकांचा पट्टा आहे ना, की फक्त कमरेचा, हे आजच बघा. बूस्टर निवडताना तिची रुंदी टेपने मोजा, दोन बोटांचा फरकसुद्धा वहिनींना पुण्यापर्यंत जाणवेल.

पट्ट्याचा विषय निघाला तर एक गोष्ट. पट्टा न लावता गाडीचा ‘टिंग टिंग’ आवाज बंद करायची लोखंडी क्लिप बाजारात मिळायची. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या. कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लागतोच. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावले नव्हते, हे सगळ्या देशाने वाचलं. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे मागच्या सीट कव्हरखाली गाडलेले पट्टे वर काढून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं येत होती.

सीट कव्हर हा विषय त्यामुळेच नाजूक आहे. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी छोटी चिठ्ठी शिवलेली आहे का बघा. असेल तर ती एअरबॅग सीटच्या शिवणीतून फाडून बाहेर येते. तिच्यावर जाड रेक्झिन चढवलं तर ती वेळेवर येईल की नाही, कुणी सांगू शकत नाही. त्या बाजूला मोकळी किंवा मुद्दाम कच्ची शिवण असलेलं, तुमच्याच मॉडेलचं कव्हर मागा. दुकानदार ‘सगळ्यांना हेच बसतं’ म्हणाला तर उठा. आणि आपल्या उन्हात काळं रेक्झिन म्हणजे तवा. दोन वर्षं कंपनीचं कापड वापरून बघा, मुलांच्या जागी धुता येणारा कापडी तुकडा टाका. पैसे वाचले.

आईंसाठी साइड स्टेप. इथे माझं मत लोकांना आवडत नाही. उंच जीपसारख्या गाडीला स्टेप लागते. पण तुमच्या आकाराच्या एसयूव्हीचा उंबरा काही फार वर नसतो. स्टेप बाहेर येते, म्हणजे चढणाऱ्याला तिच्यावरून जास्तीची ढांग टाकावी लागते, आणि उतरताना चिखलाची स्टेप पातळाला पुसली जाते. मागे एका गिऱ्हाइकाची आई दुकानापुढे गाडीत बसून बघत होती. मी दोन्ही गाड्या दाखवल्या, स्टेपवाली आणि बिनस्टेपची. स्टेपवालीपाशी थबकून म्हातारी म्हणाली, ‘माले यानावर चढता येत नही रे भो.’ मुलाने ऑर्डर रद्द केली. तुम्हीही आईंना एकदा शोरूममध्ये न्या, दोन्ही गाड्यांत चढवून-उतरवून बघा. नाहीतर डिकीत एक प्लास्टिकचं ठेंगणं स्टूल ठेवा. स्टेप लावलीत तर शेतरस्त्यावर जमिनीपासूनची उंची कमी होईल, हेही लक्षात घ्या.

आता दिव्यांकडे येतो. इथे मी स्वतः चुकलेलो आहे. धंद्यात नवा होतो, तेव्हा एरंडोलकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या जीपला 100/90 वॅटचे बल्ब घातले होते. कायद्याने हॅलोजन बल्ब 60/55 वॅटचा, पहिला आकडा लांबच्या उजेडाचा, दुसरा जवळच्या. साधं गणित करा: 60 वॅटला 12 व्होल्टवर 5 अँपिअर, 100 वॅटला आठच्या वर, आणि दोन दिवे म्हणजे दुप्पट. कंपनीची वायर पहिल्या हिशेबाने टाकलेली असते. मी बॅटरीतून थेट वीज आणणारी वेगळी रिले वायरिंग न टाकता तसेच बल्ब घुसवले. तिसऱ्या रात्री त्यांचा एक होल्डर वितळला आणि भर रस्त्यात एक दिवा गेला. समोरून ट्रॅक्टर असता तर काय, हा विचार त्या माणसाने माझ्यासमोर बोलून दाखवला आणि मी मान खाली घातली. त्या दिवसापासून वायर कापायची वेळ आली की मी तीन वेळा विचार करतो, आणि गिऱ्हाइकालाही करायला लावतो. वॉरंटीच्या पुस्तकात बघा, बाहेरून कापून जोडलेल्या वायरिंगमुळे बिघाड झाला तर कंपनी हात वर करते. वायर न कापता, कपलरला (वायरीच्या टोकाच्या प्लगला) कपलर जोडून बसणारी वस्तू असेल तरच घ्या. बाजारात ज्या स्वस्त वायरिंग किट मिळतात त्यात वायर बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमची, वर तांब्याचा नुसता मुलामा. टोक कापून सुरीने खरवडलं की आत पांढरं दिसतं.

यादीतले एलईडी बल्ब त्यामुळे नकोच. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्याच्या चकचकीत वाटीत एलईडी घातला की प्रकाशाचा बिंदू जागेवर राहत नाही, उजेड चहूकडे सांडतो. तुम्हाला समोर पांढरंशुभ्र दिसतं म्हणून तुम्ही खूश, समोरच्याचे डोळे मात्र गेले. कपाशीच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यासाठी दोन गोष्टी करा: गाडीचे दिवे यंत्रावर लावून नीट जागेवर आणा, आणि बंपरमध्ये कंपनीने फॉग लॅम्पची जागा व कपलर दिला असेल तर पिवळे फॉग लॅम्प बसवा. खाली लावलेले असल्याने रस्त्याची कड दिसते, समोरच्याला त्रास नाही.

बंपर गार्ड कायद्याने बंद आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाईचं पत्र दिलं. पण खरं कारण वेगळं. धडक बसली की पुढचा भाग चुरगळून ती पोटात घ्यावी अशीच गाडी बनवलेली असते. मध्ये लोखंडी चौकट आली की धक्का सरळ चासीत जातो आणि एअरबॅग कधी उघडायच्या हे सेन्सरला कळायला गडबड होते. कुणी तुम्हाला ‘आपल्याकडे गुरं आडवी येतात’ म्हणेल. येतात. वेग कमी ठेवा.

रूफ कॅरिअर वर्षातून चार-पाच पुणे फेऱ्यांसाठी नको. गाडीच्या पुस्तकात छताची मर्यादा लिहिलेली असते, बऱ्याच गाड्यांना ती कॅरिअर धरून 50 ते 75 किलोच. आपल्याकडे लग्नाचं सामान वर चढलं की कुणी मोजत नाही. मग वळणावर गाडी झुकते. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवायचा पारदर्शक थर, त्याने ओरखडे थांबत नाहीत, एवढं समजून मग ठरवा. पाणी बोअरचं जड असेल तर डाग मात्र जास्त दिसतात, गाडी सावलीत धुऊन लगेच पुसा. अंडरबॉडी कोटिंग समुद्राकाठच्या गाडीला ठीक. आपल्या कोरड्या हवेत, कारखान्यातूनच गंजरोधक प्राइमरमध्ये बुडवून आलेल्या गाडीला नको. तो काळा थर खालची पाणी जाण्याची भोकं बुजवतो ते वेगळंच. क्रोमबद्दल मी काही बोलत नाही, घरात ठरवा.

मॅट मात्र घ्या, पण सेव्हन-डी, म्हणजे रेक्झिन चढवलेला जाड थरांचा, नव्हे. काळी माती ओली झाली की बुटाला किलोभर चिकटते आणि वाळली की दगड. सेव्हन-डी दिसतो छान, पण पाणी गेलं की खाली सादळतं आणि कुबट वास येतो. कडा उचललेले, काढून नळाखाली धुता येणारे रबरी किंवा टीपीई (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) मॅट घ्या, तीन-चार हजारांत येतात. ड्रायव्हरच्या बाजूला कंपनीच्या हुकात ते अडकलेच पाहिजेत. मॅटवर मॅट कधीही नाही, पेडलखाली सरकला तर ब्रेक अडतो. मड फ्लॅप चारही चाकांना लावा, हजारभरात काम होतं.

आणि एक हवा भरायचा छोटा पंप, सोबत चांगला गेज. टायर थंड असताना सकाळी हवा तपासा. मे महिन्यात दुपारी महामार्गावरून उतरून तपासली तर हवा जास्त दिसणारच, ती काढून टाकू नका. पंप गाडीच्या सॉकेटवर चालवताना इंजिन चालू ठेवा, आणि तो ओढतो ते अँपिअर त्या सॉकेटच्या फ्यूजमध्ये बसतात का ते बघा. स्टेपनीही काढून बघा. बऱ्याच गाड्यांत ती लहान मापाची असते आणि तिच्यावर ताशी 80 ची मर्यादा छापलेली असते. पुण्याच्या वाटेवर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. नायट्रोजनचे वेगळे पैसे मागतील, पण साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

देवाची मूर्ती बसवाल तेव्हा डाव्या बाजूला, डॅशबोर्डवर ‘एअरबॅग’ कोरलेल्या झाकणावर चिकटवू नका. तुमची आई पुढे बसणार आहे. मूर्ती मध्ये, स्टीरिओच्या वर, ठीक.

बिलं सगळी जपा आणि विमा कंपनीला कळवा. विजेवर चालणाऱ्या बाहेरच्या वस्तूंचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किमतीच्या साधारण 4 टक्के हप्ता पडतो. न सांगितलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत.

राहिले उंदीर. शेतघर, गोठा, घरातली कपाशी, यांच्या शेजारी रात्री उभी राहणारी गाडी म्हणजे त्यांना गरम घर. इंजिनच्या वायरी कुरतडल्या की गाडी चालू होत नाही आणि बिल पंप-मॅट-मड फ्लॅपच्या एकत्रित बिलाहून जास्त येतं. तंबाखूची पानं बांधणारे खूप भेटतात, वास उडाला की पाहुणे परत. पक्का उपाय म्हणजे एसीच्या हवेच्या तोंडाशी आणि बॉनेटखालच्या मोठ्या फटींवर बारीक स्टेनलेस स्टीलची जाळी. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी आणू नका, पुढे गंजते. मी ती बसवून देतो, वायरला हात न लावता, अर्ध्या दिवसाचं काम. गाडीत भाकरीचा तुकडा, शेंगा, मुलांचे बिस्किटाचे चुरे रात्री राहू देऊ नका. आणि यायचं तर दिवाळीआधी या, कपाशी घरात यायच्या आत.